मॉरिशसला जुन्या मैत्रिणीकडे जाताय? घर, किनारा आणि बाकी सगळ्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी हॉस्टेलची रूममेट लग्न करून मॉरिशसला गेली आणि तिथलीच झाली. तिच्याकडे माझं जाणं असतं, त्यामुळे नात्यातले, ऑफिसातले, ओळखीच्यांच्या ओळखीतले असे बरेच जण तेच ते प्रश्न विचारत असतात. हनिमून पॅकेजची माहिती कुठेही मिळते, पण कुणाच्या तरी घरी राहून, सकाळी डबा भरून, बसने नाहीतर मैत्रिणीच्या गाडीतून किनारा बघायचा असेल तर काय करायचं हे एका जागी कुठे सापडत नाही, म्हणून सगळं लिहून काढलंय.

व्हिसा काढावा लागतो का? आणि हॉटेल बुकिंग नसेल तर इमिग्रेशनला काय दाखवायचं?

भारतीय पासपोर्टवर फिरायला जाणाऱ्यांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, तिथे उतरल्यावर शिक्का मारून देतात. पण शिक्का मारायच्या आधी ते तीन गोष्टी बघतात: परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चाला पुरेसे पैसे. तुम्ही मैत्रिणीकडे राहणार असाल तर तिच्याकडून एक साधं पत्र मागवून घ्या, त्यात तुमचं नाव, पासपोर्ट नंबर, किती दिवस राहणार आणि घरचा पूर्ण पत्ता, सोबत तिच्या ओळखपत्राची आणि लाइट किंवा पाण्याच्या बिलाची कॉपी. हे सगळं छापील ठेवा, फोनमध्ये आहे म्हणून विसंबू नका कारण उतरल्या उतरल्या नेट चालू असेलच असं नाही. निघायच्या आधी ऑनलाइन ट्रॅव्हल फॉर्म भरायचा असतो, तो भरला की कोड येतो, तोही छापून घ्या. आणि मैत्रिणीचा तिथला फोन नंबर कागदावर लिहून जवळ ठेवा, कारण अधिकारी कधी कधी खरंच फोन लावून विचारतात.

कुठल्या महिन्यात जावं?

आपल्याकडे मुलांच्या सुट्ट्या म्हणून सगळे मे महिनाच धरतात. मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली आहे, तिथले ऋतू आपल्या उलटे, मे मध्ये तिथे थंडीला सुरुवात होत असते. थंडी म्हणजे आपल्या महाबळेश्वरसारखी नाही, किनाऱ्यावर दिवसा छान ऊबदारच असतं, पण वरच्या पठारावरच्या गावांत संध्याकाळी स्वेटर लागतो. जून ते सप्टेंबर आग्नेयेकडून वारा जोरात असतो, पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर तो चांगलाच जाणवतो, उत्तर आणि पश्चिम बाजू त्या मानाने आडोशाला असते. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, दमट, आणि जानेवारी ते मार्च हे चक्रीवादळांचे मुख्य महिने.

मला विचाराल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात बरा. पाणी ऊबदार व्हायला लागलेलं असतं, वारा पडलेला असतो, आणि नोव्हेंबरच्या शेवटाकडे रस्त्याच्या कडेचे गुलमोहर लाल होतात आणि लिचीचे घोस विकायला येतात. डिसेंबरात गुलमोहर फुललेला बघायला मला फार आवडतं. पण माझ्या आवडीपेक्षाही आधी मैत्रिणीला विचारा की तिला रजा कधी मिळते आणि मुलांच्या परीक्षा कधी आहेत, तिकीट त्यानंतरच काढा.

विमान, वेळ, प्लग वगैरे?

मुंबईहून थेट विमान आहे, साधारण सहा तास. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे, त्यामुळे जेटलॅगचा काही त्रास नाही. प्लग तीन चपट्या पिनांचा म्हणजे इंग्लंडमध्ये असतो तो, काही ठिकाणी दोन गोल पिनांचाही असतो, एक अडॅप्टर न्या. सिमकार्ड विमानतळावरच पासपोर्ट दाखवून मिळतं.

विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला आहे, मैत्रीण उत्तरेला राहत असेल तर तिला तुम्हाला घ्यायला अख्खं बेट ओलांडून यावं लागेल हे लक्षात घेऊन विमानाची वेळ निवडा. पहाटेचं स्वस्त तिकीट तुम्हाला स्वस्त पडतं, पण तिची झोपमोड होते आणि दुसऱ्या दिवशी तिला ऑफिस असतं.

मैत्रिणीचं घर समुद्राजवळ नाहीये असं कळलं. मग काय उपयोग?

हा प्रश्न अगदी हमखास येतो. मॉरिशसला राहणारी बरीचशी माणसं किनाऱ्यावर राहत नाहीत, मधल्या उंच पठारावर राहतात, रोझ हिल, कात्र बोर्न, वाक्वा, क्युरपीप ही गावं एकाला एक लागून आहेत. क्युरपीपला तर पाऊस इतका की छत्री दाराशीच असते. पण अख्खं बेट जेमतेम 65 किलोमीटर लांब आणि 45 किलोमीटर रुंद आहे, कुठूनही निघालात तरी तासा-दीड तासात कुठल्या तरी किनाऱ्यावर पोचता. उलट पठारावरचं घर बरं, कारण ते मधोमध पडतं, आज पश्चिम उद्या दक्षिण असं जाता येतं, आणि रात्री शांत झोप लागते.

अजून एक, पठारावरून निघताना आभाळ भरलेलं असतं म्हणून बेत रद्द करू नका. वर रिमझिम चालू आणि खाली पश्चिम किनाऱ्यावर कडक ऊन हे तिथलं रोजचं आहे.

फिरायला गाडी लागते का?

मैत्रिणीच्या वेळेवर अवलंबून राहायचं नसेल तर थोडी स्वतःची सोय हवीच. मेट्रो आहे, राजधानी पोर्ट लुईपासून रोझ हिल, कात्र बोर्न, वाक्वा करत क्युरपीपपर्यंत जाते, आपल्या एल अँड टी ने बांधलीय आणि फार छान स्वच्छ आहे. ती समुद्रावर जात नाही, पण तिच्या स्टेशनांजवळून समुद्राकडे जाणाऱ्या बस मिळतात. कात्र बोर्नहून फ्लिक आं फ्लाक, क्युरपीपहून माहेबूर, पोर्ट लुईहून उत्तरेकडे ग्रां बे, हे सगळं बसने आरामात होतं. बसमध्ये कंडक्टर असतो, सुटे पैसे ठेवा. फक्त एक, संध्याकाळी बस लवकर बंद होतात, लहान गावांत तर सहा-साडेसहालाच सामसूम, त्यामुळे सूर्यास्त बघून बसने परत येऊ असा बेत करू नका.

गाडी भाड्याने घ्यायची तर तिथेही आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवतात, त्यामुळे हात बसायला वेळ लागत नाही. इंटरनॅशनल परमिट काढून न्या म्हणजे प्रश्नच नको. मैत्रिणीची गाडी चालवणार असाल तर तिच्या विम्यात दुसऱ्याने चालवलेलं चालतं का ते आधी बघून घ्या, हे विचारायला दोघींनाही अवघड वाटतं आणि म्हणून राहून जातं.

ती सगळीकडे माझ्याबरोबर येईल ना?

नाही, आणि तशी अपेक्षा ठेवूही नका. तुम्ही सुट्टीवर आहात, ती नाहीये. तिला सकाळी मुलांचे डबे आहेत, ऑफिस आहे, सासूबाईंचं डॉक्टरकडे जाणं आहे. माझं साधं गणित असं की सोमवार ते शुक्रवार मी माझी फिरते, संध्याकाळी घरी येते, भाजी चिरायला बसते आणि त्या वेळात आमच्या खऱ्या गप्पा होतात, आणि शनिवार-रविवार ती म्हणेल तिथे जायचं. तिने दहा वेळा पाहिलेली ठिकाणं, म्हणजे गंगा तलाव, शामारेल, पोर्ट लुई, ही एकटीने करा. रविवार मात्र तिच्याबरोबर समुद्रावर घालवा कारण तिथला रविवार बघण्यासारखा असतो. घरंच्या घरं पब्लिक बीचवर येतात, सुरूच्या झाडांखाली चटया पसरतात, मोठाली पातेली उघडतात, कुणी तरी रावान नावाची डफासारखी चामड्याची चकती शेकोटीवर तापवतो, म्हणजे चामडं ताणलं जाऊन आवाज नीट निघतो, आणि मग सेगा सुरू होतो. पाय वाळूतून न उचलता सरकवत नाचतात, आज्या पण नाचतात. गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी जपलेलं हे संगीत आहे, 2014 साली युनेस्कोने त्याला वारशाच्या यादीत घेतलं. हॉटेलातल्या स्टेजवरचा सेगा आणि हा, यात मला तरी सुरूच्या झाडाखालचाच आवडतो.

किनारा कुठला चांगला?

आधी एक गोष्ट समजून घ्या म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. बेटाला जवळपास सगळीकडून प्रवाळाचं कडं आहे, तिथे त्याला रीफ म्हणतात. किनाऱ्यावर उभं राहिलं की लांबवर एक पांढरी रेघ दिसते, तिथे मोठ्या लाटा आपटून फुटतात, आणि रेघेच्या आतलं पाणी उथळ, शांत, हिरवट-निळं असतं, ते लगून. वाळू पांढरी का, तर ती त्याच प्रवाळाचा आणि शिंपल्यांचा चुरा आहे. जमीन मात्र काळ्या दगडाची, अगदी आपल्या सह्याद्रीतला वाटावा असा, आणि त्याला कारण आहे: भूशास्त्रज्ञांच्या मते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त ठिकाणावरून दख्खनचा लाव्हा बाहेर आला त्याच ठिकाणावर पुढे फार नंतर हे बेट तयार झालं. उसाच्या शेतात रचून ठेवलेले काळ्या दगडांचे ढीग बघताना मला हे प्रत्येक वेळी आठवतं.

तर जिथे रीफ आहे तिथे पोहायचं, जिथे ती तुटलीय तिथे नुसतं बघायचं.

उत्तर: ट्रू ओ बिश, मों श्वाझी, पेरेबेर. पाणी शांत, लहान मुलांना सोयीचं, खायच्या गाड्या जवळ. ग्रां बे मध्ये दुकानं आणि गर्दी जास्त, मी फार थांबत नाही. अगदी टोकाला काप मालेरो, तिथलं लाल छपराचं छोटं चर्च आणि समोर समुद्रात उभा असलेला क्वां द मीर बेटाचा तिरका खडक, इथे पोहायचं नाही, कोळ्यांच्या होड्या बघत बसायचं.

पूर्व: बेल मारचा लांबच लांब किनारा, सूर्योदयाला जा. त्रू दो दूसहून होडीने इल ओ सेर्फला जातात. सुंदर आहे पण सकाळी अकरानंतर फार गर्दी होते, जायचं तर सकाळची पहिली होडी.

दक्षिण: माझी सगळ्यात आवडती बाजू. सुयाकजवळ ग्री ग्री म्हणून जागा आहे, तिथे रीफ तुटलेली आहे आणि अख्खा हिंदी महासागर थेट कड्यावर येऊन आपटतो. पलीकडे समुद्रात जमीन म्हणाल तर थेट अंटार्क्टिका. पुढे चालत गेलं की रडणारा खडक म्हणतात ती जागा, लाटेचं पाणी दगडावरून सतत ओघळत असतं. इथे पाण्यात उतरायचं नाही म्हणजे नाही, पाटीही लावलेली आहे. तिथून पश्चिमेकडे बे द्यू कापपर्यंतचा रस्ता समुद्राला चिकटून जातो, दुपारच्या जेवणाआधी हा रस्ता करा, उजेड छान असतो.

पश्चिम: फ्लिक आं फ्लाकला सूर्यास्त. तामारिनला नदी समुद्राला मिळते, गोड्या पाण्यात प्रवाळ टिकत नाही म्हणून तिथे रीफला खिंड पडलीय, त्यामुळे लाटा येतात आणि सर्फिंग चालतं. त्याच्या खाली ल मोर्नचा 556 मीटर उंच डोंगर. मळ्यांमधून पळालेले गुलाम इथे लपून राहायचे, गुलामी संपल्याचं सांगायला आलेले शिपाई बघून धरायलाच आलेत असं समजून काहींनी कड्यावरून उडी टाकली अशी पिढ्यान् पिढ्या सांगितली जाणारी हकीकत आहे. 2008 पासून तो जागतिक वारसा आहे. डोंगराच्या पायथ्याच्या वाळूत खेळण्याआधी तिथल्या स्मारकापाशी पाच मिनिटं थांबा.

तो पाण्याखालचा धबधबा कुठे आहे? व्हिडिओत बघितला.

ल मोर्नच्या समोरच. पण तो धबधबा नाही, लगूनमधली वाळू आणि गाळ रीफच्या खिंडीतून खोल समुद्राकडे ओढला जातो आणि वरून बघितलं की पाणी कोसळतंय असं वाटतं. किनाऱ्यावरून किंवा होडीतून काही दिसत नाही, हेलिकॉप्टर किंवा छोटं विमानच लागतं, आणि त्याला खर्च बराच येतो. माझ्या मते नाही केलं तरी काही बिघडत नाही.

पोहता येत नाही. पाण्यात उतरू का?

उतरा, पण कुठे ते बघून. पब्लिक बीचवर पोहण्याची जागा पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांनी आखलेली असते, तिच्या आत कंबरभर पाण्यात बसलात तरी मासे दिसतात. कोकणात वाढलेल्यांना भरती-ओहोटीचं भान असतं पण इथे तो फरक मीटरभरही नसतो, त्यामुळे समुद्र कायम एकाच जागी आहे असं वाटून माणूस गाफील होतो. धोका असतो तो खिंडीपाशी, म्हणजे पांढऱ्या रेघेत जिथे मध्येच लाटा फुटत नाहीत आणि पाणी गडद निळं दिसतं तिथे. लगूनमध्ये आलेलं सगळं पाणी तिथूनच बाहेर जातं, ओढ भयंकर असते. नुसतं शांत दिसतंय म्हणून तिकडे जाऊ नका.

पायात रबरी बूट हवेतच. काळे काटेरी समुद्री साळू असतात, आणि दगडमासा असतो जो हुबेहूब दगडासारखा पडून राहतो आणि त्याचे काटे विषारी असतात. पाय पडलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवायचा आणि ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं, घरगुती उपाय करत बसायचं नाही. बूट पब्लिक बीचजवळच्या दुकानात मिळतात, मैत्रिणीच्या घरीही एखादा जोड असतोच.

ब्लू बे बद्दल सगळे सांगतात, खरंच इतकं आहे का?

आहे. एकच जागा करायला वेळ असेल तर मी हीच सांगेन. विमानतळापासून जवळ, राखीव सागरी क्षेत्र आहे, मासेमारीवर बंधनं आहेत, आणि होडीला तळाशी काच असते. काचेवर वाकलं की आधी नुसती वाळू सरकते, मग गवत, मग एकदम तपकिरी-जांभळी प्रवाळाची झुडपं, मधून पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे चपटे मासे एकाच वेळी वळतात, आणि मग मेंदूसारख्या घड्या असलेला एक प्रचंड गोळा येतो, आपल्या घरातली खोली भरेल एवढा. होडीवाला इंजिन बंद करतो आणि कुणी काही बोलत नाही. प्रवाळ वर्षाला अगदी थोडं वाढतं, तो गोळा शिवाजी महाराजांच्या काळातही तिथे असेल असं मनात येतं. म्हणून सांगते, त्याला पाय लावू नका, वर उभं राहू नका, तुकडा उचलून आणू नका, तो गुन्हाही आहे. साधं सनस्क्रीन पाण्यात उतरून प्रवाळाला त्रास देतं, त्यापेक्षा लांब बाह्यांचा स्विमिंगचा टॉप घाला. पाणी जास्त तापलं की प्रवाळ पांढरं पडतं, काही पट्टे असे पांढरे झालेले दिसतातही, ते बघून वाईट वाटतं.

याच बाजूला 25 जुलै 2020 ला वाकाशियो नावाचं मोठं मालवाहू जहाज रीफवर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातून तेल गळायला लागलं. तेव्हा माहेबूरच्या लोकांनी सरकारी मदतीची वाट बघितली नाही, उसाची सुकी पानं कापडात भरून, त्यांना तरंगायला प्लॅस्टिकच्या बाटल्या बांधून लांबच लांब नळकांडी शिवली आणि तेल अडवायला समुद्रात सोडली. बायकांनी केस कापून दिले, कारण केस तेल धरून ठेवतात. माझी मैत्रीण आणि तिच्या जावा त्यात कापड शिवायला बसल्या होत्या. हे माहीत असलं की त्या पाण्याकडे बघायची नजर बदलते.

जवळच इल ओ एग्रेत नावाचं लहान बेट आहे, तिथे जुनं मूळ जंगल परत उभं केलंय, गाइडबरोबरच जाता येतं. गुलाबी कबुतरं दिसतात, 1990 च्या सुमारास ती जंगलात दहाच्या आसपास उरली होती, आता शेकड्यांत आहेत. डोडो पक्षी ज्या देशातून नाहीसा झाला तिथे हे काम झालंय.

डॉल्फिन बघायची ट्रिप घेऊ का?

तामारिनच्या बाजूला पहाटे डॉल्फिन येतात आणि त्यांच्या मागे बऱ्याच होड्या येतात. होड्यांनी घेरून माणसांना त्यांच्यापुढे पाण्यात उतरवणं मला पटत नाही, ते त्यांच्या विश्रांतीच्या वेळी तिथे आलेले असतात. लांबून होडीतूनच बघायचं कबूल करणारा होडीवाला मिळाला तर जा, नाहीतर सोडा.

शाकाहारी आहे, उपाशी राहावं लागेल का?

अजिबात नाही. सगळ्यात आधी दाल पुरी खा. चण्याच्या डाळीची पूड भरलेली, आपल्या पुरणपोळीपेक्षा पातळ आणि मऊ, त्यात पावट्याची रस्सा भाजी, टोमॅटोची रुगाय, हिरवी मिरची, आणि दोन पुऱ्यांची एक जोडी कागदात गुंडाळून देतात. उभ्याने खायची. गातो पिमां म्हणजे डाळवड्याचाच भाऊ, सकाळी लोणी लावलेल्या पावात घालून खातात. पोर्ट लुईच्या बाजारात आलुदा प्या, दूध, सब्जा, अगर आणि सरबत, आपल्या फालुद्याच्या जवळचं. किनाऱ्यावर अननस सोलून त्याला चिंच-मिरची-मीठ लावून देतात. कुणाच्या घरी लग्न किंवा पूजा असेल तर केळीच्या पानावर सात भाज्यांचं जेवण असतं, बोलावलं तर नक्की जा.

फक्त चिनी नूडल्स घेताना आणि रुगाय घेताना विचारून घ्या, नूडल्समध्ये कालवांचा सॉस आणि रुगायमध्ये सुकी मासळी असू शकते. मासे खाणाऱ्यांसाठी मोहरी-हळदीतला विंदाय आणि ऑक्टोपसची करी, बाकी सांगायला नको.

तिच्यासाठी काय नेऊ?

तूरडाळ, मसाले, पापड हे सगळं तिथल्या दुकानात मिळतं, त्याने बॅग भरू नका. जे मिळत नाही ते न्या: आमसुलं, गोडा मसाला, मेतकूट, थालीपीठाची भाजणी, घरचं काही असेल तर नीट सील करून, आणि विचारलं तर खरं सांगा. हापूस, रोपं, बिया न्यायला परवाना लागतो, तसंच नेलं तर विमानतळावर काढून घेतील. सिगारेटचे सुटे कागद आणि व्हेप चालत नाहीत. औषधांच्या बाबतीत ते फार कडक आहेत, झोपेच्या किंवा जबर दुखण्याच्या गोळ्या असतील तर डॉक्टरची चिठ्ठी हवीच, मूळ पाकिटात.

आणि दिवाळी अंक न्या. माझी मैत्रीण बाकी सगळं बाजूला ठेवून तो आधी उघडते.

तिथे मराठी माणसं आहेत म्हणे?

आहेत, आणि अलीकडे जी तिथे नोकरीला गेली ती वेगळी, मी म्हणतेय ती दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीची. 1834 पासून ब्रिटिशांनी उसाच्या मळ्यांवर करारावर मजूर नेले, त्यातले आपले बरेचसे लोक रत्नागिरीच्या बाजूचे, मुंबई बंदरातून जहाजात चढलेले. घरात आता क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून तयार झालेली तिथली बोली, बोलतात, पण शाळेत मराठी विषय आहे, मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीला देशाला सुट्टी असते, आणि गणपतीत जाखडी नाचतात. कोकणातली जाखडी, महासागराच्या पलीकडे. गणपतीच्या दिवसांत गेलात आणि मैत्रिणीची कुणाशी ओळख असेल तर एखाद्या घरी आरतीला जा. उच्चार थोडे वेगळे असतील, त्यांना दुरुस्त करायला जाऊ नका, आरती त्यांच्याबरोबर त्यांच्या चालीत म्हणा.

पोर्ट लुईला आप्रवासी घाट आहे, जागतिक वारसा, 2006 पासून. साडेचार लाखांवर माणसं करारावर मजुरीला मॉरिशसला आली, ती इथे किंवा आधीच्या धक्क्यांवर उतरली. दगडी पायऱ्या आहेत थोड्या. समुद्रावरच्या मजेच्या आधी हे बघा असं मी सगळ्यांना सांगते, एक सकाळ पुरते.

भाषेची अडचण येते का?

नाही. इंग्रजी बहुतेकांना कळतं, फ्रेंच आणि क्रिओल बोलतात, बऱ्याच जणांना हिंदी समजतं. दुकानात शिरताना आधी बोंझूर म्हणायचं आणि मगच काय हवं ते सांगायचं, याला तिथे महत्त्व आहे.

खर्च किती येतो? यूपीआय चालतं का?

तिकडचा एक रुपया म्हणजे आपले पावणेदोन-दोन रुपये, दर बघून घ्या. घरी राहिलात की खर्चाचा मोठा भाग वाचतो, उरतो तो प्रवास, होड्या आणि बाहेरचं खाणं. गाडीवर खाल तर स्वस्त, हॉटेलच्या बीचवर खाल तर महाग. फेब्रुवारी 2024 मध्ये तिथे यूपीआय आणि रुपे कार्ड सुरू झालंय, पण ते सगळीकडे घेतात असं समजू नका, रोख जवळ ठेवा. आणि घरी राहताय तर आठवड्याचा भाजी-बाजार तुम्ही करा. ती नको नको म्हणेल, तरी करा. कात्र बोर्नच्या बाजारात सकाळी जाऊन भाजी आणून ठेवली तर वाद घालायला जागाच उरत नाही.

आईला किंवा लहान मुलांना घेऊन जाऊ का?

मैत्रिणीला घरात जागा आहे का हे आधी मोकळेपणाने विचारा. आईला गुडघ्यांचा त्रास असेल तर ब्लू बेची काचेची होडी जमते, चढायला हात देतात. गंगा तलावावर पायऱ्या कमी आहेत, 33 मीटर उंच महादेवाची मूर्ती रस्त्यावरूनच दिसते, आणि महाशिवरात्रीला लाखो लोक चालत येतात तेव्हा मात्र आईला नेऊ नका, रस्ते बंद असतात. शामारेलची सात रंगांची माती थोडक्यात बघून होते, मुलांना तिथली कासवं जास्त आवडतात.

वादळ आलं तर?

तिथे एक ते चार असे इशारे देतात. तीनला सगळं बंद होतं, चारला घराबाहेर पडायचं नाही. मैत्रिणीच्या घरी असाल तर ती सांगेल ते करा, पाणी भरा, मेणबत्त्या काढा, पत्त्यांचा कॅट काढा. त्यांना याची सवय आहे. वादळ गेल्यावरही दोन-चार दिवस समुद्रात उतरू नका, पाणी गढूळ आणि ओढीचं असतं. प्रवास विमा काढलेला असेल तर विमान रद्द झाल्याचा ताण कमी होतो, तो काढाच.

इतक्या वर्षांनी भेटणार, जमेल का पूर्वीसारखं?

हा प्रश्न सहसा सगळ्यात शेवटी आणि हळू आवाजात येतो. पहिले एक-दोन दिवस थोडं पाहुण्यासारखं वाटतं, ती चांगल्या चादरी काढते, तुम्ही कपबशी सांभाळून धरता. त्या दिवसांत लांबच्या ट्रिपा ठेवू नका. घरात राहा, तिच्याबरोबर मुलांना शाळेतून आणायला जा, तिच्या दुकानदाराला भेटा, तिचा रोजचा रस्ता बघा. जुन्या आठवणी पहिल्याच संध्याकाळी संपवल्या तर पुढे बोलायला काय असा प्रश्न पडतो, त्यापेक्षा तिचं आत्ताचं आयुष्य विचारा. ती तिथे एकटी गेली तेव्हा कुणाशी बोलायची, क्रिओल कशी शिकली, आई गेली तेव्हा येता आलं का. आमचं खरं बोलणं झालं ते फ्लिक आं फ्लाकच्या सुरूखाली, तिची पोरं पाण्यात होती आणि आम्ही दोघी त्यांच्यावर लक्ष ठेवून होतो, एकमेकींकडे न बघता बोलणं सोपं जातं.

एकटीने फिरणं सुरक्षित आहे का? अडचण आली तर कुणाला फोन?

दिवसा निर्धास्त फिरा. अंधार पडल्यावर ओसाड बीचवर एकटीने थांबू नका, गाडीत बॅग दिसेल अशी ठेवू नका. पोलीस 999, अँब्युलन्स 114, फायर ब्रिगेड 115. डासांसाठी क्रीम लावा, डेंग्यू-चिकुनगुन्या तिथेही होतो.

येताना काय आणू?

व्हॅनिलाच्या शेंगा, तिथला व्हॅनिला चहा, शामारेलची कॉफी थोडी, माहेबूरची कसाव्याची बिस्किटं, आणि बिनरिफाइंड साखर, जिचे तपकिरी दाणे दुधात घातले की गुळाचा वास येतो. शंख, प्रवाळ, वाळू काही नको. बाजारातले लाकडी डोडो दिसतात छान पण किंमत कमी करून घ्या, आणि मैत्रिणीला बरोबर नेलंत तर ती क्रिओलमध्ये बोलते आणि भाव लगेच उतरतो.